सात वारांचे उपास आणि एक भाकरी

एका गावात एक सासू अंगणात गहू पाखडत होती आणि पाखडता पाखडता शेजारणीला सांगत होती, “पोरगी गुणी आहे हो. आवाज नाही, तक्रार नाही. पण ती आपल्या घरची काही व्हायची नाही. तिच्या वाटणीची पोळी आमची ढवळी खाते.”

ढवळी म्हणजे त्या घरची गाय.

सून त्या वेळी भिंतीपलीकडे होती. तिच्या हातात नेमकी पोळी होती आणि समोर नेमकी ढवळी होती. हे बोलणं तिच्यासाठी नव्हतं. पण मातीच्या भिंतीला कान नसले तरी भोकं असतात. सुनेने हातातल्या पोळीकडे पाहिलं, मग गाईकडे पाहिलं. तीन महिन्यांत ढवळी अंगाने चांगलीच सुटली होती. लपवायला जागाच नव्हती.

गाव होतं गव्हाचं. नदीच्या वळणात वसलेलं, आणि इतकं पिवळं की लांबून येणाऱ्याला वाटावं, इथे ऊन साठवून ठेवतात. माघात वारा सुटला की सगळं शिवार झोपलेल्या माणसासारखं एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळायचं. गावाचा एक जुना नियम होता. तो कुणी केला हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण पाठ सगळ्यांना होता: गहू माणसांना, ज्वारी बैलांना, वरी देवांना.

म्हणून प्रत्येक घरात गव्हाची कणगी माजघरात, ज्वारीची गोठ्यात, आणि देवघराखाली उपासापुरतं वरीचं एक मडकं. सकाळी पोळ्या, दुपारी पोळ्या, सणाला पुरणाचे मांडे. दुपारची जेवणं झाली की अख्खं गाव झोपायचं. माणसं ओसरीवर, कुत्री सावलीत, पारावर बसलेले म्हातारे बसल्या बसल्या. त्या वेळी गावातून चाललं तर आपण कुणाच्या तरी स्वप्नातून चाललोय असं वाटायचं.

सून डोंगराकडची. तिच्या माहेरी भात पिकायचा, नाचणी पिकायची. गहू दिसायचा तो फक्त लग्नकार्यात. प्रत्येक लग्नाहून आल्यावर तिचं पोट दुखायचं, फुगायचं, आणि आई म्हणायची, “जागरण बाधलं गं तुला.” त्यामुळे लहानपणापासून तिची समजूत अशी की आपल्याला लग्नं सोसत नाहीत.

तरी तिचं लग्न झालंच.

सासरी आल्यावर आठ दिवसांत मांडव उतरला, पाहुणे गेले, तोरण सुकलं. पोटदुखी मात्र राहिली. सून बोलायची कमी, पण पाहायची नीट. ज्या दिवशी ती पोळी खायची, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिच्या पोटात कुणीतरी दोर वळत बसायचं. ज्या दिवशी पोळी ढवळीला जायची आणि ती नुसत्या ताकावर आणि वरणावर राहायची, त्या दिवशी दोर नाही. फक्त भूक. असं दहा-बारा वेळा झालं आणि तिला कळलं ते कळलं.

कळलं खरं, पण सांगणार कसं? गव्हाच्या गावात ‘मला गहू सोसत नाही’ म्हणणं म्हणजे माशांच्या घरी जाऊन ‘मला पाण्याची सर्दी होते’ म्हणण्यासारखं. नवरा भला होता. “बरं वाटत नाही का?” असं रोज विचारायचा. पण उत्तर यायच्या आत आई त्याच्या ताटात तिसरी पोळी टाकायची, आणि मग त्याचं तोंड भरलेलं आणि सुनेचं मिटलेलं.

त्यात दिवस जवळ येत होता. गावाची रीत अशी, की गव्हाची रास घरी आली की त्या वर्षीच्या प्रत्येक नव्या सुनेने सगळ्यांसमोर आपला पहिला मांडा करायचा. मऊसूत कणकेत पुरण भरायचं, ती हातांवर खेळवत खेळवत कोपरापर्यंत पसरायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद अंथरायची. मग सासूने आणि सुनेने तो एका ताटात मोडून खायचा. त्या घासानंतर सून घरची. तो घास झाला नाही तर ती जन्मभर त्या घरची पाहुणी. पाहुणीला पाटावर बसवतात, हवं-नको विचारतात, पण चुलीला हात लावू देत नाहीत. सुनेला पाटही नको होता आणि विचारपूसही. तिला चूल हवी होती. चुलीपाशी बसून, सगळ्यांच्या बरोबर, पोटभर जेवायचं होतं. एवढंच.

त्याच घरात मागच्या दाराशी एक चुलतसासू राहायच्या. गाव त्यांना सातवारकाकू म्हणायचं, कारण सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, बुधवार विठोबाचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा आणि रविवार खंडोबाचा, असे त्यांचे सातही वार उपास. एक सुटायच्या आत दुसरा लागायचा. आठवा वार असता तर त्याच्यासाठीही त्यांनी एखादा देव शोधला असता. त्यांची चूल वेगळी, ताट वेगळं, बसणं मागच्या दाराशी. चाळीस वर्षं लोक त्यांच्या पाया पडत होते.

सासूचं ते बोलणं ऐकलं त्या दुपारी, गाव झोपल्यावर, सून गोठ्यात गेली. बैलांच्या कणगीतून तिने मूठभर ज्वारी घेतली आणि चावायला लागली. गोठ्याच्या कौलातून उन्हाची एक बारीक तिरीप आली होती आणि तिच्यात धूळ तरंगत होती, सावकाश, जिथे जायचं तिथे पोचायची कसलीच घाई नसल्यासारखी.

“बैलांचं खातेस?” मागून आवाज आला.

सातवारकाकू होत्या. सुनेच्या हातातली ज्वारी अर्धी सांडली.

“आणि तीही कच्ची. दात पडतील की. पोळी खाल्ली की काय होतं तुला?”

सुनेने पोटावर हात ठेवला. मग हाताने दोर वळून दाखवला.

काकूंनी दाराबाहेर पाहून घेतलं. कुणी नव्हतं. एक बैल होता, पण तो सांगणाऱ्यातला नव्हता.

“मलाही,” त्या म्हणाल्या.

 मग तिच्या तोंडून शब्द निघाले. “मग हे सात वार?”

“पहिल्या मांड्याच्या दिवशी घास हातात घेतला आणि धीर झाला नाही गं. ‘आज माझा उपास आहे’ म्हटलं. लोक लगेच पाया पडले. दुसऱ्या दिवशी परत पोळी समोर आली, परत उपास. पोट दुखतं म्हटलं की लोक म्हणतात, नाटकं करते. देवाचं नाव घेतलं की पोटाचं कुणी विचारत नाही.” काकूंनी पदर सावरला. “तूही धर. एका वारापासून सुरू कर. वर्षभरात सात होतात.”

सुनेने काकूंच्या वाटीत पाहिलं. वरी होती. पाण्यात शिजवलेली, पांढरी, गार.

“मीठ?” तिने विचारलं.

“मीठ कसं घालणार? तपस्विनी म्हणतात मला. मी बोटं चाटताना दिसले तर?”

दुसऱ्या दिवशी दुपारी गाव झोपलं तशी सून काकूंच्या चुलीशी बसली. तिने वरी खमंग भाजली. तुपात जिरं टाकलं, मिरची टाकली, दाण्याचं कूट टाकलं, मीठ टाकलं, वर दह्याचा एक गोळा. काकूंनी पहिला घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“मिरची तिखट आहे,” त्या म्हणाल्या.

“कमी घालू?”

“खबरदार.”

वरी देवांची, ती उपासाला चालते. पण रोज उठून वरी खाऊन सुनेला माहेरच्या भाकरीची आठवण यायला लागली. तिने बैलांची ज्वारी दळली. जात्याची घरघर गावाच्या घोरण्यात मिसळून गेली, कुणाला पत्ता लागला नाही. मग तिने एक चूक केली, जी गव्हाच्या गावात तीन महिने राहिलेलं माणूसच करेल. ज्वारीचं पीठ तिने पोळीसारखं मळलं, पोळपाटावर घेतलं आणि लाटायला गेली. कडा फाटल्या. तेल घातलं, फाटल्या. खालून उचलायला गेली तर मधोमध दोन तुकडे झाले. तिच्या मनात तर पहिल्या मांड्याच्या दिवशी ज्वारीचाच मांडा करायचं होतं! तो हातावर घेतला तेव्हा कोपरापर्यंत पोचायच्या आधीच मनगटावरून खाली कोसळला. सात वेळा केला, सात वेळा कोसळला. काकू हसून हसून भिंतीला टेकल्या.

सून तशीच पिठाच्या हातांनी चुलीशेजारी बसून राहिली. जाळ उबदार होता, दुपार लांबलचक होती. तिचे डोळे मिटले, आणि अर्धवट झोपेत तिला वाटलं की परातीतलं पीठ तिच्याशी बोलतंय. अगदी हळू, दाण्याएवढ्या आवाजात.

“मला ओढू नकोस,” पीठ म्हणालं. “मी ताणली जाणारी नाही. ती माझी जातच नाही. मला कढत पाणी दे. मला तळव्याने रगड. आणि मग थाप.”

“पण तू मांड्यासारखी दिसायला हवीस,” सून झोपेत म्हणाली.

“का?” पिठाने विचारलं.

 सून जागी झाली आणि तिने आधण ठेवलं.

कढत पाण्यात मळलेलं पीठ तळव्याखाली लोण्यासारखं होत गेलं. ती थापायला लागली. थप, थप, थप. परातीत भाकरी गोल गोल फिरत मोठी होत गेली, ढगाने आपण होऊन पसरावं तशी. तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, मग निखाऱ्यावर उभी धरली. आणि भाकरी टम्म फुगली. तिचा पापुद्रा सुटताना वाफेचा एक सुस्कारा निघाला.

वर ताज्या लोण्याचा गोळा. बाजूला ठेचा.

“ही काही उपासाला चालत नाही,” काकू म्हणाल्या.

“नाही चालत,” सून म्हणाली.

“कोणत्याच वाराला?”

“नाही.”

काकूंनी क्षणभर सातही देवांचा विचार केला असावा. मग त्यांनी भाकरी मोडली.

पुढे रोज दुपारी हेच. कधी भाकरी, कधी राजगिऱ्याचा लाडू, कधी सुनेच्या माहेरून आलेल्या तांदळाची जाळीदार घावनं आणि त्यांवर गुळाचं पातळ दूध. दोघी बोलायच्या कमी, जेवायच्या मन लावून. सुनेच्या गालावर रंग आला. ढवळी मात्र जरा बारीक झाली.

पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. वासाला झोप नसते. भाजल्या भाकरीचा तो वास मागच्या दारातून निघायचा, गल्लीतून तरंगत जायचा, आणि झोपलेल्या गावाच्या नाकात शिरून स्वप्नात उतरायचा. मागोमाग तो आवाज, थप, थप, थप. पाटील स्वप्नात मांडी घालून बसायचे आणि समोरून कुणीतरी त्यांना काहीतरी गरम वाढायचं. शेजारणीला स्वप्नात भूक लागायची. सासू तर रोजच जेवायची. जाग आल्यावर सगळे तोंड पुसायचे आणि हातात काहीच नाही म्हणून हिरमुसायचे. पण कुणी कुणाला बोललं नाही. स्वप्नात काय खाल्लं ते ज्याचं त्याला कळलं होतं, आणि गव्हाच्या गावात राहून स्वप्नात बैलांची ज्वारी खाणं बरं दिसत नाही.

पहिल्या मांड्याचा दिवस उजाडला. अंगण सारवलेलं, मध्ये चूल, चुलीवर पालथं खापर. सगळं गाव जमलं. मागच्या दाराशी सातवारकाकू, समोर त्यांची वाटी. त्या दिवशी लोक बघणार म्हणून पुन्हा तीच पांढरी, गार, बिनमिठाची वरी.

सुनेने कणीक हातावर घेतली. पोटाला गहू नको असला तरी हातांचं त्याच्याशी भांडण नव्हतं. मांडा मनगटावरून कोपरावर, कोपरावरून पुढे, असा पसरत गेला की त्यातून पलीकडचं आभाळ दिसावं. खापरावर पडला तेव्हा बायकांच्या तोंडून ‘अहाहा’ निघालं. सासूची मान ताठ झाली.

मग ताट आलं. सासूने मांडा मोडला, अर्धा आपल्याकडे घेतला आणि एक घास सुनेपुढे धरला.

“घे,” ती म्हणाली. तिच्या आवाजात धाक नव्हता. थोडी भीती होती. तिलाही मनापासून वाटत होतं की पोरीने खावं.

सून घासाकडे बघत राहिली. 

“तिचा आज उपास आहे हो!” मागच्या दारातून काकूंचा आवाज आला.

“उपास? पहिल्या मांड्याच्या दिवशी?” पाटील म्हणाले. “धन्य आहे पोरीची! सातवारकाकूंची गादी चालवणार ही.” आणि ते पाया पडायला वाकायला लागले. त्यांच्या मागे चार माणसं, त्यांच्या मागे बायका.

आता नुसतं गप्प राहायचं होतं. गप्प राहणं सुनेला उत्तम जमायचं. गप्प राहिलं की पोट वाचत होतं, मान मिळत होता, वर देवही राजी. तिने मागच्या दाराकडे पाहिलं. काकूंच्या वाटीतून वाफ येत नव्हती. चाळीस वर्षांत त्या वाटीतून कधी वाफ आली नव्हती, दुपारच्या त्या चोरट्या वेळा सोडल्या तर.

“माझा उपास नाही,” सून म्हणाली.

तिचा आवाज गावाने आजवर ऐकला नव्हता. कोण बोललं ते कळेना म्हणून दोघा-तिघांनी आधी ढवळीकडे पाहिलं.

“मला गहू सोसत नाही.”

पाटील अर्धे वाकलेले तसेच राहिले. आता खाली जावं की वर यावं हे त्यांना ठरवता येईना.

“सोसत नाही म्हणजे?” सासू म्हणाली. हातातला घास हातातच राहिला. “मग तू खातेस काय?”

सून उठली. ती अंगण ओलांडून मागच्या दाराशी गेली, काकूंच्या चुलीत दोन काटक्या सारल्या, परातीत पीठ घेतलं. तेवढ्यात काकूंनी आपली वाटी बाजूला सरकवली आणि खाकरून म्हटलं, “मलाही नाही सोसत.”

“जाऊबाई!” सासू ओरडलीच. “अहो, मग चाळीस वर्षं आम्ही तुमच्या पाया पडतोय ते?”

“पडा की. पाय तेच आहेत.”

कुणीतरी हसलं, कुणीतरी रागावून काही बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात आवाज सुरू झाला. थप, थप, थप. उघडलेलं तोंड उघडंच राहिलं. पाटलांनी नाक वर केलं आणि त्या निमित्ताने ते सरळ उभे राहिले. सबंध अंगणभर माणसं अशी स्तब्ध झाली, जणू दुपार झाली आणि उभ्या उभ्याच सगळ्यांना डोळा लागला. निखाऱ्यावर भाकरी फुगली. वास सगळ्यांपर्यंत पोचला.

सुनेने ती भाकरी आणून ताटात ठेवली, मांड्याच्या शेजारी. बैलांचं धान्य माणसांच्या ताटात! कुणी काही म्हणणार, तोच सासूने एक तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

“अगं बाई,” ती म्हणाली. “ही तर मी रोज खाते.”

“कुठे?” शेजारणीने विचारलं.

सासू क्षणभर लाजली. “झोपेत.”

“मीपण,” शेजारीण पुटपुटली.

“लोणी असतं वर,” पाटील म्हणाले, आणि मग आपण काय बोललो ते कळून त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

सासूने डोळे उघडले. सुनेचा चेहरा तिने पहिल्यांदाच नीट पाहिला असावा. ताट एकच होतं. त्यात मांडाही होता, भाकरीही होती. रीत मोडली म्हणावं तर मोडली नव्हती, पाळली म्हणावं तर जरा मोठी झाली होती.

“तीन महिने माझ्या पोळ्या गाईला घातल्यास,” सासू म्हणाली, “आणि एका शब्दाने बोलली नाहीस?”

सून तिच्या शेजारी, त्याच ताटाशी बसली. काकूंसाठी तिने बाजूला थोडी जागा केली. मग सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली:

“पोळ्या तुमच्या छानच होत्या, आत्याबाई. हवं तर ढवळीला विचारा. पण आता मला वाढा. मला फार भूक लागलीय.”

तात्पर्य: कुणाच्या उपासाला हात जोडण्याआधी एकदा ‘जेवलीस का?’ विचारावं, आणि कुणी विचारलं नाही, तर आपणच सांगावं.